अध्यक्ष आहेत, पण कशाचे?

एकाच दिवसाच्या वर्तमानपत्रात राष्ट्रपती एखाद्या विधेयकावर सही करतात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयातशुल्क वाढवतात, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांवर अविश्वास ठराव येतो आणि आतल्या पानावर कुणा मराठी मुलाला पस्तिशीच्या आत बँकेत ‘व्हाइस प्रेसिडेंट’ची बढती मिळाल्याचं छापून येतं. इंग्रजीत हा सगळा एकाच प्रेसिडेंटचा गोतावळा. मराठीने निदान राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष आणि अध्यक्ष असे शब्द वेगळे ठेवले. तरीही कट्ट्यावर प्रश्न येतोच: ‘अमेरिकेचा प्रेसिडेंट एका सहीने देश हलवतो, मग आपले राष्ट्रपती गप्प का?’ प्रश्न विचारणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की हुद्दा सारखा म्हणजे अधिकारही सारखे. बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

‘प्रेसिडेंट हे मुळातच मोठ्या सत्तेचं नाव’

उलट ते अगदी साधं नाव होतं. लॅटिन मुळाचा अर्थ पुढे बसणारा, म्हणजे सभा चालवणारा. अमेरिका स्वतंत्र होत असताना तिथल्या काँग्रेसचा जो प्रेसिडेंट असे, तो याच अर्थाने. जॉन हॅन्सन हे १७८१ मध्ये असे एक प्रेसिडेंट झाले. ‘अमेरिकेचे खरे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन नव्हेत, हॅन्सन’ हा किस्सा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो, तो इथून आलेला. हॅन्सन सभेच्या कामकाजाचे प्रमुख होते. देशाचा कारभार त्यांच्या हाती नव्हता, कारण कारभार चालवणारं स्वतंत्र पदच तेव्हा नव्हतं. ते पद १७८७ च्या राज्यघटनेने निर्माण केलं आणि वॉशिंग्टन १७८९ मध्ये त्यावर बसले.

आता या नव्या पदाधिकाऱ्याला हाक काय मारायची, यावर सिनेटमध्ये काही आठवडे काथ्याकूट झाला. उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना काहीतरी भारदस्त हवं होतं. त्यांची तक्रार अशी की प्रेसिडेंट तर आग विझवणाऱ्या मंडळांचे आणि क्रिकेट क्लबांचेही असतात! सिनेटच्या समितीने ‘हिज हायनेस’ने सुरू होणारी लांबलचक पदवी सुचवली. प्रतिनिधिगृह मात्र बधलं नाही. राजाला नुकतंच घालवलेल्या देशात राजेशाही थाटाची पदवी नको, एवढा त्यांचा साधा हिशेब होता. शब्द लहानच राहिला. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत अमेरिकेचं वजन वाढलं आणि त्याबरोबर शब्दाचंही.

‘राष्ट्रपती हा शब्द १९५० साली आला’

स्वातंत्र्यापूर्वीची मराठी-हिंदी वर्तमानपत्रं चाळणाऱ्याला ‘राष्ट्रपती सुभाषबाबू’ असा उल्लेख दिसला की धक्का बसतो. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणत. नोव्हेंबर १९३७ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात चाणक्य या टोपणनावाने ‘राष्ट्रपती’ नावाचा लेख आला. काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल यांच्यात हुकूमशहा होण्याची बीजं आहेत, सांभाळा, असा त्यात इशारा होता. लेखक खुद्द नेहरूच होते. स्वतःवर अशी टीका लिहिणारा पक्षाध्यक्ष पुन्हा झाला नाही, हे आपलं दुर्दैव.

राजेंद्रप्रसादांनी तर ‘प्रेसिडेंट’ या शब्दाच्या तीन तऱ्हा स्वतः अनुभवल्या. १९३४ च्या मुंबई अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेचे अध्यक्ष आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाचे राष्ट्रपती. पहिल्या पदावर पक्ष चालवायचा होता, दुसऱ्यावर चर्चा, आणि तिसऱ्यावर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं होतं. इंग्रजी कागदपत्रांत तिन्ही ठिकाणी ते प्रेसिडेंटच.

चौथीही एक तऱ्हा आपल्याकडे होती, ती आता विस्मरणात गेली आहे. ब्रिटिश काळात दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाच्या पीठासीन अधिकाऱ्याला प्रेसिडेंट म्हणत. १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल या पदावर निवडून आले, म्हणून ते ‘प्रेसिडेंट पटेल’. या मालिकेतले अखेरचे गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर. घराणं रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं, कर्मभूमी अहमदाबाद. स्वातंत्र्यानंतर हुद्दा बदलून स्पीकर झाला आणि १९५२ मध्ये तेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष ठरले. म्हणजे इंग्रजीतला प्रेसिडेंट गेला तरी मराठीतला अध्यक्ष जागचा हलला नाही.

जाता जाता एक: २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील उमेदवार झाल्या तेव्हा बाईंना राष्ट्रपती कसं म्हणायचं, अशी चर्चा रंगली होती. पती म्हणजे इथे स्वामी, प्रमुख. पंचायत समितीच्या सभापतिपदावर शेकडो स्त्रिया बसल्या, तेव्हा कुणाला अडलं नव्हतं.

‘आपले राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का’

हा सर्वांत लाडका समज आणि अर्धा खरा. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार राष्ट्रपतींनी वागलं पाहिजे, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शब्दांत बांधलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली: सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पण तोच पुन्हा आला तर मानावा लागतो. वाचायला ही खिडकी अगदीच अरुंद वाटते. के. आर. नारायणन यांनी मात्र तिच्यातून बरंच काही केलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, ती त्यांनी परत पाठवली. सरकारने नाद सोडला. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारची बिहारबाबतची शिफारसही अशीच परतली. म्हणजे दोन वेगवेगळ्या रंगांच्या सरकारांना एकाच राष्ट्रपतींनी थांबवलं.

विधेयकाच्या बाबतीत तर आणखी वाव आहे, कारण सही कधीपर्यंत करायची याची मुदत घटनेत नाही. लोकांची पत्रं उघडण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक १९८६ मध्ये झैलसिंग यांच्यापुढे आलं. त्यांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. ते कायदा कधी झालंच नाही. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. शिक्का रबरीच म्हणायचा तर तो कधी उठवायचा, हे थोडंफार हातात असतं, असं म्हणा. यापलीकडे अपेक्षा ठेवणं मात्र चुकीचं. जनतेने न निवडलेल्या माणसाने निवडून आलेल्या मंत्रिमंडळावर कुरघोडी करावी, ही मागणी लोकशाहीला धरून नाही.

‘न निवडलेला’ म्हणजे थेट न निवडलेला. मतदार असतात ते संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. विधान परिषदेच्या आमदाराला या निवडणुकीत मत नाही, ही गोष्ट कित्येक कार्यकर्त्यांनाही नवी वाटते. मताचं मूल्यही सारखं नसतं. १९७१ च्या जनगणनेवरून काढलेल्या हिशेबाने महाराष्ट्रातल्या आमदाराचं मत १७५ चं, गोव्यातल्या आमदाराचं २० चं.

‘राष्ट्रपती राजवट म्हणजे राष्ट्रपतींचं राज्य’

महाराष्ट्राने हा प्रकार तीनदा पाहिला: १९८० मध्ये पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झाल्यावर, २०१४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये. तिन्ही वेळा राष्ट्रपती भवनातून कुणी मुंबईचा कारभार पाहिला नाही. घटनेच्या ३५६ व्या कलमाखाली सही राष्ट्रपतींची, सल्ला केंद्रीय मंत्रिमंडळाचा आणि प्रत्यक्ष कारभार राज्यपाल व सचिवांचा. ‘राष्ट्रपती राजवट’ हा शब्दप्रयोग त्या कलमात नाहीच. तो आपण आणि वर्तमानपत्रांनी रूढ केलेला.

२०१९ चा प्रसंग आठवा. १२ नोव्हेंबरला लागलेली राजवट २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधीही उरकला. मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. केंद्राच्या कामकाज नियमांतला १२ वा नियम पंतप्रधानांना तातडीच्या वेळी बैठकीशिवाय निर्णय घेऊ देतो, तो वापरला गेला. त्या पहाटेचा निर्णय कुणाचा होता, हे कळायला सही कुणाची हे पाहून उपयोग नाही.

‘राष्ट्रपती गेले की उपराष्ट्रपती राष्ट्रपती होतात’

अमेरिकेत होतात. आपल्याकडे ते फक्त काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. ३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन यांचं निधन झालं, उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहक झाले. पण त्यांना स्वतःच निवडणूक लढवायची होती, म्हणून जुलैत त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या! मग सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिपद सांभाळलं. हे एकेकाळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्याच दिवसांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन भारतभेटीवर आले. एकीकडे जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारचा प्रमुख, दुसरीकडे तात्पुरती जबाबदारी पाहणारा एक न्यायाधीश, आणि शिष्टाचाराच्या दृष्टीने दोघे समान.

अमेरिकेतही हे सुरुवातीला स्पष्ट नव्हतं. १८४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन वारल्यावर उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी ‘मी कार्यवाहक नाही, पूर्ण राष्ट्राध्यक्ष आहे’ असं ठासून सांगितलं आणि तोच पायंडा पडला. घटनेत तो नेमका लिहिला गेला १९६७ मध्ये.

परदेशांचं थोडक्यात. ‘जनतेने थेट निवडला म्हणजे ताकदवान’ असं कुणी म्हणालं तर आयर्लंडकडे बोट दाखवावं. तिथले राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतात, तरी पद बहुतांशी मानाचं. मालवण तालुक्यातल्या वराडचं मूळ असलेले लिओ वराडकर तिथे सरकारचे प्रमुख होते. राष्ट्राध्यक्ष होते मायकेल हिगिन्स. वराडकरांना ‘आयर्लंडचे अध्यक्ष’ म्हणणारे अभिनंदनाचे फलक म्हणजे आपला उत्साह. इराणमध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या वर सर्वोच्च धर्मनेता असतो. चीनमध्ये शी जिनपिंग यांची खरी ताकद पक्षाचं सरचिटणीसपद आणि लष्करी आयोगाचं प्रमुखपद यांत आहे. राष्ट्राध्यक्षपद हे त्यांतलं सर्वांत हलकं. स्वित्झर्लंडमध्ये सात मंत्र्यांपैकी एकजण वर्षभर हे पद सांभाळतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे देतो.

‘गावातला अध्यक्ष तरी नक्की कळतो’

कळतो का? जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांमधून अडीच वर्षांसाठी येतो आणि प्रशासन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती असतं. नगराध्यक्ष २०१६ मध्ये थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा जनतेतून. देवळाली किंवा खडकीसारख्या लष्करी छावणी परिषदेत तर अध्यक्ष कधीच निवडून येत नाही. तिथला लष्करी अधिकारी पदसिद्ध अध्यक्ष असतो आणि लोकप्रतिनिधींच्या वाट्याला उपाध्यक्षपद येतं. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचंही असंच. संमेलनाध्यक्षांना साहित्य महामंडळाचा कारभार विचारणारे भेटतात, पण महामंडळाचे अध्यक्ष वेगळे, मांडव घालणारे स्वागताध्यक्ष वेगळे.

खेळातलं उदाहरण तर फारच बोलकं. शरद पवार २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते, तेव्हा ते पद प्रमुखाचं होतं. २०१४ मध्ये परिषदेने वर चेअरमन नेमला, प्रेसिडेंटला शोभेपुरतं ठेवलं आणि २०१६ मध्ये ते पदच काढून टाकलं.

बँकेतल्या त्या व्हाइस प्रेसिडेंटकडे वळू. गुंतवणूक बँकांत असे व्हीपी शेकड्यांनी असतात. ती मधली पायरी आहे. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात महत्त्वाच्या व्यवस्थापकीय पदांची यादी आहे, तीत व्यवस्थापकीय संचालक आहे, कंपनी सचिव आहे, प्रेसिडेंट नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाचा हुद्दा ऐकून दिपून जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. अमेरिकी विद्यापीठाचा प्रेसिडेंट मात्र खरोखर कारभारी, म्हणजे आपल्या हिशेबात कुलगुरू. डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकत होते तेव्हा निकोलस मरे बटलर हे तिथले प्रेसिडेंट होते. अशांना मराठी बातमीत ‘विद्यापीठाचे अध्यक्ष’ लिहिलं की वाचकाला संस्थाचालक डोळ्यांपुढे येतो.

आणि शेवटी आपली सहकारी गृहनिर्माण संस्था. इथला अध्यक्ष म्हणजे मालक, हा समज तर अध्यक्षांचाही असतो. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं ७२ वं कलम सांगतं की अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. पुढच्या सभेला जाण्याआधी सचिवांकडून उपविधींची प्रत मागून घ्या आणि अध्यक्षांना नेमकं काय करता येतं, तेवढी पानं वाचा.