हतोद्बद्धाची परीक्षा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चवथ्या अधिकरणांतील सातवा अध्याय आशुमृतकपरीक्षेचा, म्हणजे अकस्मात् मृत झालेल्या मनुष्याच्या प्रेताच्या तपासणीचा आहे. शामशास्त्री यांनीं हा ग्रंथ १९०९ मध्यें म्हैसूर येथें प्रसिद्ध केला, पुढें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० मध्यें काढली. राजनीतीच्या चर्चेंत हा अध्याय मागें राहतो, म्हणून त्यांतील एक मुद्दा आम्ही येथें मांडीत आहों.

प्रेतास तेल लावून पाहावें असें सांगून ग्रंथकार गळा दाबून मारलेल्याचीं लक्षणें देतो: मलमूत्र बाहेर पडणें, पोट फुगणें, हातपाय सुजणें, डोळे उघडे राहणें, गळ्यावर वळ असणें. यांतच बाहु व मांड्या आंखडलेल्या दिसल्या तर तो फांसानें मेला असें समजावें. शिवाय ‘हतोद्बद्ध’, म्हणजे आधीं मारून मग टांगलेला, हा त्यानें वेगळा गणला आहे. खुनास आत्महत्येचें रूप देण्याची युक्ति त्यास ठाऊक होती.

आजच्या न्यायवैद्यकापुढेंही हाच प्रश्न असतो. टांगल्याचा वळ बहुधा गळ्याच्या वरच्या भागीं, तिरपा, गांठीकडे चढत जाऊन तेथें तुटलेला असतो. दोरीनें आवळल्याचा वळ बहुधा आडवा, खालीं व सभोंवार अखंड. परंतु मृत्यूनंतर लवकरच टांगलेल्या प्रेतावरही तिरपा वळ उमटतो. दोरी कोठें होती हें वळ सांगतो. तेव्हां प्राण होता कीं नव्हता, हें तेवढ्यावरून ठरत नाहीं.

म्हणून मान आंतून पाहावी लागते. आधीं कवटी व छाती उघडून त्यांतील अवयव काढतात, म्हणजे मानेंतील रक्त निथळून जातें. मग एकेक थर सोडवून स्नायु पाहतात. हा क्रम चुकला तर सांचलेलें रक्त पाझरून जखमेचा आभास होतो. प्रिन्सलू व गॉर्डन यांनीं दक्षिण आफ्रिकेंत १९५१ मध्यें हें दाखविलें. जिभेच्या मुळाशीं असलेलें कंठिकास्थि मोडलें म्हणजे खूनच, असेंही नाहीं. वृद्धांत तें फांसानेंही मोडतें. तरुणांत लवचिक असल्यानें गळा दाबूनही पुष्कळदां शाबूत राहतें. मोडलेल्या जागेभोंवतीं रक्त मुरलें आहे काय, हें पाहणें अधिक महत्त्वाचें.

अशा वेळीं दोरी, गांठ व स्थळ यांचीही साक्ष घ्यावी लागते. मारल्या जागेजवळ वावरणाऱ्यांस एकेकट्यानें विचारावें, असें अर्थशास्त्रही सांगतें. एकाच पोथीवरून पाठ निश्चित करूं नये हा संशोधकांचा नियम; येथें तो मोडल्यास खुनी सुटतो, किंवा निरपराध्यास शिक्षा होते.