वीर भिडले, गावं जळाली

नायक शेवटी खलनायकाला हरवणार, हे चित्रकथा हातात घेतलेल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण दोन नायकच एकमेकांवर उठले की वाचकाची पंचाईत होते. बाजू कोणाची घ्यायची? ऐंशीहून अधिक वर्षं चित्रकथाकार या प्रश्नाशी झुंजत आले आहेत. त्यातल्या बऱ्याच कथा नुसती दंगल होऊन विरून गेल्या, थोड्या मात्र टिकल्या. माझ्या मते टिकल्या त्या एकाच कारणानं: भांडणाचा भुर्दंड भरणारा सामान्य माणूस त्यांच्या चौकटीत दिसतो.

ताकदीच्या कुस्त्या

अमेरिकेत 1940 साली ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’मध्ये आगीचा ह्यूमन टॉर्च आणि समुद्राचा राजपुत्र नेमोर न्यूयॉर्कच्या आकाशात भिडले. लढत बरोबरीत सुटली. 1976 मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनांनी एकत्र येऊन सुपरमॅन आणि स्पायडरमॅनला समोरासमोर उभं केलं. हळूहळू एक साचाच तयार झाला: आधी गैरसमज, मग झटापट, मग समेट आणि शेवटी खऱ्या शत्रूवर जोडीनं चाल. ‘जास्त बलवान कोण?’ ही मुलांची उत्सुकता त्यात भागत असे. पण ‘जास्त बरोबर कोण?’ हे विचारायची वेळच येत नसे, कारण दोघांची तत्त्वं एकच होती.

तत्त्वांची टक्कर

1986 मध्ये फ्रँक मिलरनं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये सरकारचा आज्ञाधारक सुपरमॅन आणि सरकारला न जुमानणारा म्हातारा बॅटमॅन यांची गाठ घातली. त्याच वर्षी ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ सुरू झाली. तिच्यात अणुयुद्ध टाळण्यासाठी एक माजी नायकच न्यूयॉर्कमधली लाखो माणसं मारतो, आणि हे सत्य जगाला सांगेन म्हणणाऱ्या रॉरशाख या नायकाला त्याचाच जुना सोबती संपवतो. मात्र या कथेतला सर्वात मोठा आघात नायकांच्या वाट्याला येतच नाही. नाक्यावरचा वर्तमानपत्रविक्रेता आणि त्याच्या ठेल्याजवळ चित्रकथा वाचत बसणारा पोरगा आपल्याला अंकामागून अंक भेटत राहतात. संहाराच्या क्षणी ते एकमेकांना बिलगतात आणि तसेच मरतात. आकडा लाखांचा असला तरी दुःख कळतं ते या दोघांमुळे.

मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅक्निव्हन यांच्या ‘सिव्हिल वॉर’नं (2006-07) हाच धागा उचलला. स्टॅमफर्ड शहरात काही तरुण नायकांच्या उतावीळ कारवाईत शाळेजवळ स्फोट होतो आणि सहाशेहून अधिक लोक मरतात. मग प्रत्येक नायकानं सरकारदरबारी नोंद करावी असा कायदा येतो. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरोधात. दोघांचंही म्हणणं पटतं. अखेरच्या लढाईत विजय कॅप्टनच्या हाताशी आलेला असतो, तेव्हा त्याला आवरतात ते अग्निशामक आणि बचावदलातले साधे लोक. उद्ध्वस्त शहराकडे पाहून तो शस्त्र खाली ठेवतो. कथा मधे अनेकदा भरकटते, पण या शेवटानं ती तरते.

आपल्याकडचे नायक

मध्य प्रदेशातल्या डही, कुक्षीपासून धार, देवासपर्यंतच्या मराठी घरांत हिंदी वाचन परकं नाही. त्यामुळे 1986 मध्ये दिल्लीहून सुरू झालेल्या राज कॉमिक्सचा विचार इथे करायलाच हवा. नागराजचे सुरुवातीचे अंक चितारले ते पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. नागराज मुळात दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायला घडवलेलं हत्यार; बाबा गोरखनाथांमुळे तो सन्मार्गाला लागतो. 1987 मध्ये अनुपम सिन्हांनी आणलेला सुपर कमांडो ध्रुव बुद्धीवर लढतो आणि प्राण घेत नाही. मुंबईचा डोगा गुन्हेगाराला जिवंत सोडत नाही. ध्रुव आणि डोगा यांच्यात खरं तात्त्विक वैर रंगू शकलं असतं. पण एकत्र अंकांत बहुधा जुनाच साचा आला. समेट लवकर झाला आणि प्रश्न तसाच राहिला.

याहून धीट कथा आपल्या पुराणांत आहेत. बभ्रुवाहन आपल्या बापाला, अर्जुनाला रणात पाडतो. रामाच्या सेनेपुढे लव-कुश उभे ठाकतात. एका गंधर्वाला मारण्याची प्रतिज्ञा कृष्ण करतो, त्यालाच अर्जुन अभय देऊन बसतो आणि जिवलग मित्र शस्त्रं उपसतात. माळव्याशेजारच्या निमाडात, खंडव्याला कर्मभूमी मानणाऱ्या माखनलाल चतुर्वेदींनी 1918 मध्ये याच कथेवर ‘कृष्णार्जुन युद्ध’ हे हिंदी नाटक लिहिलं. यात दुष्ट कोणीच नाही. दोन शब्द दिले गेले आणि ते एकमेकांच्या आड आले.

न रेखाटलेली चित्रकथा

माळव्याला मात्र पुराणात जायचीही गरज नाही. 1793 मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या फौजेनं तुकोजी होळकरांचा पराभव केला. परतताना तुकोजींनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं. 1801 मध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावानं यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांची फौज मोडली आणि शिंद्यांच्या बाजूच्या सर्जेराव घाटग्यांनी होळकरांचं इंदूर लुटून सूड उगवला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र सैन्याला हरवलं. वर्षअखेरीस, 31 डिसेंबरला, बाजीरावानं इंग्रजांशी वसईचा तह केला. दोन्हीकडचे शूर हरले आणि जिंकले इंग्रज.

या सगळ्यात धारच्या पवारांचा मुलूख शिंदे आणि होळकर या दोघांच्याही स्वाऱ्यांखाली सुमारे वीस वर्षं भरडला गेला. भावाच्या मृत्यूचं यशवंतरावांचं दुःख खरं होतं, शिंद्यांनाही आपली सत्ता राखायची होती. पण ज्याचं पीक कापणीआधीच घोड्यांनी तुडवलं, त्या शेतकऱ्याचं कोणत्याच वाड्याशी वैर नव्हतं.

मराठी चित्रकारांनी ही कथा काढावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. तिच्यात यशवंतराव खलपुरुष नकोत आणि शिंदेही नकोत. दोघांचं शौर्य आणि दोघांची बाजू पूर्ण ताकदीनं मांडावी. पण प्रत्येक लढाईनंतरचं एक पान लुटल्या गेलेल्या घराला द्यावं. नायकांच्या युद्धाचा निकाल तिथेच लागतो, आणि आपल्या मुलांनी बाजू निवडण्याआधी ते पान वाचलेलं असावं.