लिटर, रुंदी आणि लहान लाट

पॅडलबोर्ड विकत घ्यायला गेले की पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. तुमचे वजन किती, त्यावर फळी किती लिटरची. बूट घेताना पायाचे माप सांगावे तसे आपण वजन सांगतो आणि समोरून एक आकडा मिळतो. हा आकडा खोटा नाही, पण तो अपुरा आहे. लहान लाटांसाठी फळी घेणाऱ्याला तर तो चक्क चुकीच्या वाटेला लावतो.

हा हिशेब मी मांडायला बसलो त्याला कारण माझा भाचा. तो पुण्यात नोकरी करतो, हिवाळ्यात जमेल तसा गोव्याला जातो आणि सणावाराला मेडशीला येतो. गोव्यातल्या लाटांवर आणि इकडच्या तलावांत, दोन्हीकडे चालेल अशी एकच फळी त्याला हवी होती. वाशीम जिल्ह्यातल्या माणसाने समुद्राच्या लाटांवर लिहावे याचे कुणाला हसू येईल. पण आमचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णा आणि तापीवाटे अरबी समुद्राला जाते, पैनगंगेचे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत बंगालच्या उपसागराला. दोन्ही समुद्रांशी आमचे नाते आहे, फक्त लांबचे आहे. शिवाय प्रश्न तरंगण्याचा आणि घसरण्याचा आहे, आणि तो कागद-पेन्सिलीने बराचसा सुटतो.

आधी तरंगणे. माणूस ७५ किलोचा, फळी ९ किलोची, वल्हे आणि ओले कपडे धरून आणखी एक किलो. एकूण ८५ किलो. आर्किमिडीजच्या नियमाने तलावाच्या गोड्या पाण्यात ८५ लिटर पाणी बाजूला सारले की हे ओझे तरंगते. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड, म्हणून तिथे ८३ लिटर पुरतात. म्हणजे तलाव आणि समुद्र यांत फरक अवघा दोन लिटरचा. पण ८५ लिटरच्या फळीवर उभे राहिलात तर पाणी घोट्याशी येईल आणि शिंकलात तरी पडाल. म्हणून नवशिक्याला वजनाच्या दीडपट ते दुप्पट लिटर सांगतात. इथपर्यंत ठीक.

आता उभे राहणे. आपण डुलतो ते आडव्या दिशेने, आणि त्या डुलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८ इंचांची फळी ३२ इंचांची केली तर रुंदी सातव्या हिश्श्याने वाढते, पण स्थैर्य जवळजवळ दीडपट होते. जाडी वाढवून लिटर वाढवले तर हा फायदा मिळत नाही. उलट माणूस पाण्यापासून जरा उंच उभा राहतो आणि अधिक डुलतो. दोन फळ्यांवर १५० लिटर लिहिलेले असेल, तरी एक रुंद-पातळ आणि दुसरी अरुंद-जाड असेल तर त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

खरा घोळ घसरण्यापाशी होतो. किनाऱ्याजवळ लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढायचे. आणि लाट साधारणपणे तेव्हा फुटते जेव्हा तिची उंची खोलीच्या पाऊणपटीहून थोडी अधिक होते. या दोन गोष्टी जोडल्या की गणित सोपे आहे. दोन मीटरची लाट सुमारे अडीच मीटर पाण्यात फुटते, तेव्हा तिचा वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास असतो. एक मीटरची लाट ताशी पावणेतेरा किलोमीटर. अर्ध्या मीटरची, म्हणजे गुडघ्याएवढी लाट ६४ सेंटिमीटर पाण्यात फुटते आणि ताशी ९ किलोमीटरने चालते. आमच्याकडे शाळेला उशीर झालेला पोरगा सायकलवर याहून जोरात जातो.

पाण्याच्या पृष्ठावर घसरणाऱ्या फळीला पाणी वर उचलते. ती उचल वेगाच्या वर्गाच्या आणि तळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. लाटेची उंची निम्मी झाली की वेगाचा वर्गही निम्मा होतो, हे वरच्या गणितातूनच निघते. तेवढीच उचल हवी असेल तर क्षेत्रफळ दुप्पट करावे लागेल. दुप्पट कुणी करू शकत नाही, पण दिशा कळते. लहान लाटेला पसरट तळ हवा, तोही मागच्या भागात, कारण लाटेवर असताना आपला मागचा पाय आणि त्यावरचा भार तिथे असतो. लिटर ही उभे राहण्यापुरती अट आहे. लाट पकडल्यावर काम करतो तो तळ. लिटर मोजून फळी घेणारे हे विसरतात, आणि गुबगुबीत, निमुळत्या शेपटीची फळी घेऊन गुडघाभर लाटेत खांबासारखे उभे राहतात.

लाट पकडायची कशी, याचाही हिशेब आहे. पाणी सारत जाणाऱ्या कुठल्याही तळाला लांबीने ठरणारी एक वेगमर्यादा असते, तिच्यापुढे कितीही वल्हवा, आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर आपण अडकतो. आठ फुटी फळीला ती ताशी ७ किलोमीटर, साडेनऊ फुटीला सुमारे ७.६, साडेदहा फुटीला ८. लाट ९ ची. मधली तूट लाटेच्या उताराने भरून काढायची. दहा अंशांच्या उतारावर ८५ किलोच्या ओझ्याला जवळजवळ १५ किलोचा ढकल मिळतो, पाच अंशांवर त्याच्या निम्मा. पसरट किनाऱ्यावरच्या लहान लाटेचा उतार कमीच असतो, तेव्हा लांब फळी लाट लवकर पकडते, आखूड फळी शेवटच्या क्षणी पकडते किंवा सोडून देते. उलट आखूड फळी वळते, लांब फळी वळवावी लागते. ज्याला वल्ह्याचे चार जोरदार फटके वेळेवर मारता येत नाहीत त्याने आठ फुटीच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळाचा बाक ही तिसरी बाब. फळी बाजूने पाहिली तर टोक वर उचललेले दिसते. मोठ्या, उभ्या लाटेला बाक जास्त हवा, नाहीतर टोक पाण्यात घुसते. लहान लाटेत तोच बाक पाणी ढकलत बसतो आणि वेग खातो. म्हणून तळ जितका सपाट तितका बरा, फक्त पुढच्या फूट-दीड फुटात थोडी उचल असावी. शेपूट रुंद, चौकोनी किंवा माशासारखी फाटलेली. मागच्या भागातली खालची कड धारदार हवी, कारण धारेपाशी पाणी तळापासून सुटते आणि गोल कडेला ते चिकटून वर चढते. हा चिकटेपणा म्हणजेच ब्रेक.

भाच्याची पहिली पसंती हवेच्या फळीला होती, आणि तिथेच आमचा वाद झाला. हवेची फळी गुंडाळून पाठीवर घेता येते, एसटीत बसते. आतल्या दोन पडद्यांना हजारो धाग्यांनी जोडलेले असते, म्हणून ती फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड अशी तिची नेहमीची मापे. लिटर भरतात सुमारे ३००! लिटरच्या हिशेबाने याहून चांगली फळी नाही, आणि तलावात ती खरोखर उत्तम आहे. लाटेवर मात तिची सहा इंची गोल कड पाणी सोडत नाही, वळताना रुतत नाही, आणि वाऱ्याची झुळूक आली की ती पतंगासारखी वागते. शिवाय ऊन. १५ पीएसआय दाब भरून ती २५ अंशांत ठेवली आणि आतली हवा उन्हाने ६० अंशांवर गेली, तर दाब साडेअठरापर्यंत चढतो. विदर्भातल्या उन्हात ती भरलेल्या अवस्थेत काठावर टाकून जेवायला जाऊ नये.

कडक फळीचा गाभा बहुधा थर्माकोलचाच असतो, वर काचतंतू आणि इपॉक्सीचे कवच. आमच्या भागातले मासेमारी करणारे भोई थर्माकोलच्या लादीवर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावात जाळे टाकतात. म्हणजे कडक आणि हवेची हा सगळा वाद त्यांनी केव्हाच ओळखलेला आहे. हलके लाकूड हेही जुनेच उत्तर. हवाईतल्या लोकांनी लाटेवरच्या जुन्या फळ्या ज्या विलीविली नावाच्या झाडापासून केल्या, ते आपल्या पांगाऱ्याच्या प्रजातीतले, सख्ख्या चुलत भावासारखे झाड आहे. फळीवर उभे राहून वल्हे मारण्याची रीतही तिकडचीच. वाइकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला काही जण ती करीत, आणि २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांनी तिला पुन्हा चालना दिली. आपल्याकडे मंगळुरूजवळ ससिहित्लूला २०२४ मध्ये इंडिया पॅडल फेस्टिव्हल झाला. पण शर्यतीच्या फळ्या चौदा फुटांपर्यंत लांब आणि अरुंद असतात. त्या पाहून लाटेसाठी फळी ठरवणे म्हणजे शंकरपटाची बैलजोडी पाहून नांगराला बैल घेणे.

लहान लाटाच का, असे कुणी विचारील. कारण पावसाळ्यात कोकण-गोव्याचा समुद्र नवख्याचा नसतो, आणि तो सरला की किनाऱ्याशी बहुतेक दिवस लाटा कमरेच्या खालीच असतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. त्या जवळजवळ येतात, श्वास घ्यायला देत नाहीत. दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा लांब अंतराच्या, उंचीने तेवढ्याच पण पकडायला सोप्या. हैदराबादच्या इन्कॉइसचा समुद्रस्थितीचा अंदाज घरबसल्या मिळतो. त्यात उंचीच्या शेजारी दिलेला लाटेचा काळ पाहावा. सहा सेकंद आणि बारा सेकंद यांत फळी एकच असली तरी दिवस वेगळा असतो. भूगोलात शिकलेले मतलई वारे पहाटे जमिनीकडून वाहतात, पाणी गुळगुळीत असते. दुपारी खारे वारे सुटले की सगळे खडबडीत. मतलई वारा मात्र फळीला समुद्राकडे ढकलतो हे ध्यानात ठेवून किनाऱ्याजवळच राहावे.

आता ७५ किलोच्या त्या मुलाला मी काय सुचवले ते सांगतो. कडक फळी, लांबी ९ फूट ते साडेनऊ, रुंदी ३१ ते ३२ इंच, मध्ये सव्वाचार इंच जाडी. असे केले की लिटर आपोआप १४५ च्या आसपास येतात, त्यांच्यामागे धावावे लागत नाही. तळ सपाट, शेपूट रुंद. फिन तीन, मधली आखूड: ६४ सेंटिमीटर पाण्यात नऊ इंची फिन घेऊन गेलात तर किनाऱ्याशी ती वाळूत रुतते आणि माणूस पुढे उडतो. वल्हे कमी-जास्त करता येणारे घ्यावे, तलावात उंचीपेक्षा आठ-दहा इंच लांब आणि लाटेत चार-सहा इंच. पोट वाढलेल्यांनी, वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांनी सगळ्या मापांत थोडी भर घालावी, लाजू नये.

तलावातही हीच फळी चालते, हवेच्या फळीइतकी निवांत नाही एवढेच. लाट तिथे नसतेच, पण तोल आणि वल्ह्याचा फटका शिकता येतो, आणि लाटेत कमी पडतात त्या याच दोन गोष्टी. तलावात पाण्याखाली झाडांची खोडे असतात, जाळी असतात. म्हणून फळीची दोरी घोट्याला न बांधता कमरेच्या, झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला बांधावी आणि तरंगणारे जाकीट घालावेच. विमोचकापासून, सांडव्यापासून लांब राहावे. महानचा जलाशय अभयारण्याला लागून आहे, तिथे परवानगीशिवाय उतरू नये. इतर तलावांवरही मच्छीमार संस्थेला आणि जलसंपदा विभागाला आधी विचारावे.

वाहतुकीचा प्रश्न उरतो. साडेनऊ फुटी फळी एसटीत बसत नाही, बोलेरोच्या टपावर जाते. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातूनच गेल्याने मुंबईपर्यंतचा रस्ता आता सरळ आहे, पण त्या वेगात टपावरच्या फळीला दोन पट्टे कमीच, चार लावावेत आणि टोक मागे ठेवावे. घरी ती पत्र्याखाली ठेवू नये. उन्हाळ्यात पत्र्याखाली थर्माकोलच्या गाभ्यातली हवा फुगते आणि कवच सुटते. त्यासाठी चांगल्या फळीवर हवा सोडणारा एक छोटा स्क्रू असतो. घेताना तो आहे का, ते पाहावे.