बालकांच्या आपत्कालीन उपचारातील संमती

बालकांच्या आपत्कालीन उपचारातील संमती हा वैद्यकीय नीतिशास्त्र आणि कायदा या दोहोंशी निगडित विषय आहे. अल्पवयीन रुग्णाच्या वतीने आई-वडील किंवा पालक उपचारास संमती देतात. पालक वेळेत सापडत नसतील किंवा नकार देत असतील आणि विलंबामुळे बालकाच्या जिवास धोका असेल, तर डॉक्टरांपुढे पेच उभा राहतो.

नागपूरमधील स्थिती

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (मेडिकल) आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (मेयो) विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. २०२५ मध्ये खोकल्याच्या दूषित औषधामुळे मूत्रपिंड निकामी झालेली छिंदवाडा जिल्ह्यातील अनेक बालके नागपुरात दाखल झाली होती. दुरून आणलेल्या बालकासोबत कधी केवळ आजी किंवा काका असतात. अशा वेळी संमती कोणाची घ्यावी, हा पहिला प्रश्न असतो.

पालक उपलब्ध नसताना

भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी पालक किंवा बालकाचा कायदेशीर सांभाळ करणारी अन्य व्यक्ती संमती देऊ शकते. असे कोणीही वेळेत उपलब्ध होणे शक्य नसेल, तर कलम ३० (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ९२) सद्भावनेने उपचार करणाऱ्यास संरक्षण देते. अपघातग्रस्त बालकावर तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकाचे उदाहरण या कलमातच दिलेले आहे. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत, असे स्पष्ट केले.

पालकांचा नकार

पालक समोर असून नकार देतात, तेव्हा कलम ३० चे संरक्षण तितके स्पष्ट राहत नाही. खर्चाची चिंता, शस्त्रक्रियेची भीती किंवा श्रद्धा ही नकारामागील कारणे असू शकतात. सज्ञान व्यक्तीला स्वतःवरील उपचार नाकारण्याचा अधिकार असतो. पालकांचा अधिकार मात्र बालकाच्या हितासाठीच असतो, असे नीतिशास्त्र मानते. उपचाराने जीव वाचण्याची दाट शक्यता असेल तर नकाराचे वजन कमी होते. उपचार वेदनादायक आणि फलप्राप्ती संदिग्ध असेल तर पालकांच्या मताला अधिक महत्त्व येते.

अशा प्रसंगी सोप्या भाषेत पुन्हा समजावणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे आणि नकाराची वेळेसह लेखी नोंद करणे आवश्यक ठरते. बालकल्याण समिती किंवा पोलिसांना कळवता येते. वेळ असल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागता येते. मात्र या मार्गांना काही तास किंवा दिवस लागतात, तर जिवावर बेतलेल्या बालकाकडे अनेकदा काही मिनिटेच असतात. त्यामुळे प्रत्यक्ष निर्णयाचा भार उपस्थित डॉक्टरवरच येतो.