वेष्टनाची भाषा : सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीचे वाचन

५.१ उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• वेष्टनावरील जाहिरातीची भाषा आणि घटकयादीची भाषा यांतील भेद सांगता येईल.
• यादीतील क्रमावरून घटकांच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येईल.
• दोन प्रसाधनांची, त्यांतील घटकांच्या कार्यावरून, तुलना करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, घरातील एखादी लोशनची बाटली हाती घ्या. तिच्यावर तुम्हांला दोन भाषा दिसतील. पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत केशराची कांती, चंदनाचा शीतल स्पर्श अशी शब्दरचना असते. ती मन वळवते. मागील बाजूस बारीक, बहुधा रोमन अक्षरांत घटकांची यादी असते. ती माहिती देते. आपण पहिली वाचतो आणि दुसरी सोडून देतो. वस्तुतः आपल्या त्वचेचा संबंध दुसरीशी असतो.

५.३ नावे

यादीतील नावे एका आंतरराष्ट्रीय नामपद्धतीस अनुसरून लिहिलेली असतात. वनस्पतींसाठी त्यांची लॅटिन नावे योजतात. ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी, ‘कोकोस न्युसिफेरा’ म्हणजे नारळ, ‘कर्क्युमा लाँगा’ म्हणजे हळद. म्हणून अपरिचित नाव दिसताच तो पदार्थ घातक मानू नये. तसेच परिचित नाव दिसले म्हणून तो निर्धोकही समजू नये.

या संदर्भात ‘रसायनमुक्त’ हा शब्द अभ्यासण्याजोगा आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक रसायन होय, च्यवनप्राशही रसायनच. तेथे या शब्दाचा अर्थ शरीराला बल व तारुण्य देणारे द्रव्य असा आहे. आधुनिक काळात तो ‘केमिकल’चा पर्याय झाला आणि जाहिरातीत तर अपायकारक पदार्थाचा वाचक बनला. अर्थापकर्षाचे हे ठळक उदाहरण आहे. शास्त्रीय अर्थाने पाणीही रसायनच असल्यामुळे रसायनमुक्त प्रसाधन संभवत नाही.

५.४ क्रम

वाक्यात पदांचा क्रम अर्थ सूचित करतो, तसा यादीत घटकांचा क्रम प्रमाण सूचित करतो. भारतातील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात. त्यानंतर एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही सीमारेषा यादीवर छापलेली नसते. मात्र ती ओळखण्याची एक खूण आहे. ‘फिनॉक्सिएथॅनॉल’ हे परिरक्षक कमाल एक टक्का वापरता येते. साहजिकच त्याच्या नंतर आलेला घटक एक टक्क्याच्या वर नसतो.

५.५ कार्य : दोन नमुन्यांची तुलना

नमुना ‘अ’ (लोशन) : अ‍ॅक्वा, ग्लिसरीन, मिनरल ऑइल, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सिएथॅनॉल, परफ्यूम, क्रोकस सटायव्हस.

नमुना ‘आ’ (पेट्रोलियम जेली) : पेट्रोलॅटम.

‘अ’मध्ये सर्वांत जास्त पाणी आहे. ग्लिसरीन पाणी ओढून धरते. मिनरल ऑइल त्वचा मऊ करते व ओलावा उडून जाऊ देत नाही. तेल व पाणी आपोआप एकजीव होत नाहीत. ग्लिसरिल स्टिअरेट त्यांना एकत्र ठेवते, म्हणून त्यास पायसीकारक म्हणतात. स्टिअरिक अ‍ॅसिड लोशनला दाटपणा देते. पाणी आले की जंतूंची वाढ संभवते, म्हणून परिरक्षक आवश्यक ठरते. शेवटचे ‘क्रोकस सटायव्हस’ म्हणजे केशर. वेष्टनाच्या दर्शनी भागावर ज्याचे चित्र आहे, ते यादीच्या तळाशी आहे.

‘आ’मध्ये पाणी नाही, त्यामुळे परिरक्षकाची गरज नाही, सुगंधही नाही. पेट्रोलॅटम स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून ठेवते. म्हणून ते स्नानानंतर किंचित ओलसर त्वचेवर लावल्यास अधिक उपयोगी पडते. मात्र ते चिकट असते. हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना ‘आ’ पुरेसे आहे. दिवसभर अंगभर लावण्यास ‘अ’ सोयीचे. कोणते ‘चांगले’ यापेक्षा कोणते कशासाठी, हा प्रश्न विचारणे अधिक योग्य.

५.६ क्रियापद आणि मौन

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील व्याख्येनुसार प्रसाधनाचा हेतू स्वच्छता, सुशोभन व रूपात बदल करणे हा असतो. रोग बरा करणे हे औषधाचे कार्य होय. म्हणून जाहिरातीतील क्रियापद तपासावे. ‘डाग कमी दिसतात’ आणि ‘डाग कमी होतात’ यांत एका क्रियापदाचे अंतर आहे आणि दाव्यात मात्र फार मोठे.

गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या क्रीमबाबत ही दक्षता विशेष हवी. मोमेटासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन ही स्टेरॉइड गटातील औषधे आहेत; या गटातील अनेक नावांच्या अंती ‘सोन’ येते. वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ वापरल्यास त्यांनी त्वचा पातळ होते. ‘मर्क्युरी’ वा ‘कॅलोमेल’ म्हणजे पारा व त्याचे संयुग. ते मूत्रपिंडास अपाय करू शकते. अशा क्रीमच्या घटकांत पारा मिसळण्यास कायद्याने मनाई आहे. तो मिसळणारा उत्पादक ते नाव यादीत लिहीलच असे नाही. म्हणून यादी, उत्पादकाचे नाव व पत्ता नसलेली डबी घेऊ नये. ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव वा ३० ग्रॅमपेक्षा कमी घन प्रसाधनाच्या वेष्टनास घटकयादीतून सूट आहे. तेव्हा त्याच उत्पादनाच्या मोठ्या वेष्टनावरील यादी दुकानात पाहून घ्यावी.

५.७ सारांश

वेष्टनाची पुढील बाजू आश्वासन देते, मागील बाजू घटक सांगते. नाव, क्रम आणि कार्य या तीन अंगांनी यादी वाचल्यास किंमत व चित्र यांपलीकडे जाऊन निवड करता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. घरातील दोन प्रसाधनांच्या याद्या देवनागरीत लिहून पहिल्या पाच घटकांची तुलना करा.
२. एका जाहिरातीतील क्रियापदे शोधून ‘दिसणे’ व ‘होणे’ या अर्थांनुसार त्यांचे वर्गीकरण करा.
३. ‘रसायन’प्रमाणे अर्थापकर्ष झालेल्या अन्य दोन शब्दांची चर्चा करा.