गुणपत्रिकेपलीकडची छाननी

अमेरिकेत फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटसाठी येणारे अर्ज केवळ गुणांची सरासरी आणि जीआरईचे आकडे पाहून निकालात काढावयाचे, तर ते काम एका दुपारी उरकते. परंतु तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने रूढ केलेल्या, अनुभव, गुणविशेष आणि गुणांक या तिहींचा एकत्र विचार करणाऱ्या सर्वांगीण पद्धतीने तेच अर्ज वाचावयाचे ठरले, म्हणजे आमच्या समितीत प्रत्येक अर्ज दोघा अध्यापकांनी स्वतंत्रपणे वाचावा लागतो, आणि मतभेद झाल्यास त्यावर सर्वांसमक्ष चर्चा होते.

अशाच एका अर्जात रसायनशास्त्राची ‘सी’ श्रेणी होती, आणि त्याच वर्षी अर्जदार मुलगी वृद्धाश्रमात रात्रपाळी करीत होती. तेथील परिचारिकेने शिफारसपत्रात लिहिले होते की, रुग्णाला कुशीवर वळविण्यापूर्वी ही मुलगी आपण काय करणार ते त्याला सांगते, आणि त्याचा होकार येईपर्यंत हात लावीत नाही. रुग्णालयातील प्रात्यक्षिके पाहणाऱ्या सहकारी बाईंनी हे वाक्य दोनदा वाचून दाखविले. शरीररचनाशास्त्राचे ज्येष्ठ अध्यापक मात्र म्हणाले की, कच्च्या पायाची मुले पहिल्याच सत्रात गळतात, आणि गळालेल्यांचे शैक्षणिक कर्ज कोणी माफ करीत नाही. या बोलण्यास निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. मुलीला मुलाखतीस बोलावण्याचे बहुमताने ठरले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, हार्वर्ड विद्यापीठासंबंधीच्या 29 जून 2023 च्या निकालाने वंशाला प्रवेशाचा निकष म्हणून मनाई केली, तेव्हा ही सारी पद्धतच बाद झाली असा काहींचा समज झाला. वस्तुतः वंशामुळे आयुष्यात काय सोसावे लागले हे अर्जदाराने निबंधात मांडण्यास न्यायालयाने मुभा ठेवली आहे.

नीटच्या 720 गुणांवर यादी लागण्याची सवय असलेले महाराष्ट्रातील आप्त मला विचारतात, ‘मग वशिला लागत नाही का?’ प्रश्न रास्त आहे. निकष अगोदर लेखी ठरलेले नसतील, तर वाचणाऱ्याची आवडनिवड गुणवत्तेच्या नावाखाली निःसंशय शिरेल. म्हणूनच कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने मुलाखतीचे अनेक छोटे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर निराळा परीक्षक बसविण्याची रीत काढली.

माझे मत या पद्धतीच्या बाजूचे आहे. परंतु जी संस्था ती स्वीकारील, तिने या वाचनाचे तास अध्यापकांच्या कामाच्या हिशेबात धरावेत, आणि रात्रपाळी करून आलेल्या मुलीसाठी पहिल्या सत्रापासून जादा शिकवणीची तजवीज करावी.