मेंदूचे यंत्र, भाषेची मक्तेदारी आणि आपण

‘डोक्यात यंत्र बसवले की इंग्रजी आपोआप येईल, मग शाळा हवीच कशाला?’ असा सूर अलीकडे सुशिक्षित वर्गातून ऐकू येतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याला या स्वप्नाची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची कठोर तपासणी करणे हे परिवर्तनवादी कार्यकर्त्याचे काम ठरते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी डोक्यावरून टिपण्याचे काम जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम केले. पुढे २०२१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी मेंदूतील आघाताने वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून, ५० शब्दांच्या संग्रहातून त्याचे बोलणे पडद्यावर आणले. २०२३ साली अमेरिकेतील दोन गटांनी मिनिटाला ६२ आणि ७८ शब्दांपर्यंत मजल मारली. आपले नेहमीचे बोलणे मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्दांचे असते. वाचा गेलेल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी मुक्ती आहे, यात शंका नाही.

परंतु हे यंत्र नेमके काय करते? माणूस बोलण्याचा प्रयत्न करतो तेव्हा मेंदू ओठ, जीभ आणि कंठ यांना आज्ञा देतो. इलेक्ट्रोड त्या आज्ञांच्या खुणा पकडतात, संगणक त्या ध्वनींशी जुळवतो आणि पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधतो. म्हणजे यंत्र आत असलेली भाषा बाहेर काढते, बाहेरची भाषा आत ओतत नाही. २०२४ साली याच पद्धतीने एका माणसाच्या स्पॅनिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषा उलगडता आल्या. पण स्पॅनिश त्याने घरी आत्मसात केली होती आणि इंग्रजी प्रौढपणी शिकली होती. शिकण्याचे कष्ट त्याचेच होते.

भाषा मेंदूच्या एखाद्या कप्प्यात ठेवलेली वस्तू नाही. सुमारे ८६०० कोटी चेतापेशींच्या परस्पर जुळणीत, ऐकण्या-बोलण्याच्या सरावातून ती घडते. कानाजवळच्या मज्जातंतूला सौम्य विद्युत स्पंद देऊन चिनी भाषेचे स्वर ओळखण्यास मदत होते का, हे २०२० साली अमेरिकेत तपासले गेले. सोप्या स्वरांच्या बाबतीत सुमारे १३ टक्के सुधारणा दिसली. तीही शिकवणी चालू असतानाच. शिकवणीविना स्पंद व्यर्थ आहे.

मग मेंदू खरोखर बदलतो कशाने? साक्षरतेने. २०१० साली पोर्तुगाल आणि ब्राझीलमधील प्रौढांच्या अभ्यासात दिसून आले की, मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही वाचनाचे जाळे तयार होते. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतांश स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी शिकवून झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातही मेंदूच्या भागांतील जुळणीत बदल नोंदले गेले. बुद्धी जन्माने ठरते, या मनुवादी सिद्धान्ताला याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे? बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत नाकारण्यात आले आणि पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वकष्टाने आत्मसात केले. उणीव त्यांच्या मेंदूत नव्हती. दार बाहेरून लावलेले होते.

आता हा प्रश्न आपल्या मातीत आणू. गेवराई तालुक्यातील तलवाडा आणि त्याच्या पंचक्रोशीतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन फडात उतरतात आणि लेकरू कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते. शाळेच्या वर्षाचे चार-पाच महिने असे निघून जातात. मेंदूवर अक्षराची जुळणी होण्याचे हेच दिवस असतात. या लेकरापुढचा प्रश्न यंत्र नसल्याचा नाही. हंगामी वसतिगृह, भाकरी आणि बाई-गुरुजी वेळेवर नसल्याचा आहे.

यंत्र आलेच, तर ते कोणाची भाषा समजेल? ज्या भाषेचा साठा त्याला पुरवला जाईल, तीच. ‘काय करायलास?’ असे विचारणाऱ्या बीडच्या पोराला फळ्यापुढे ‘अशुद्ध’ ठरवणारा शिक्षक आपण पाहिला आहे. छापील प्रमाण मराठीवर पोसलेला संगणक तेच काम थकल्याविना करील. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा आपली बोली साहित्याच्या दारात हक्काने उभी राहिली. यंत्राच्या दारात तिने पुन्हा पहिल्यापासून भीक मागावी काय?

दुसरा धोका पाळतीचा. चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला पट्टे बांधून त्यांचे ‘लक्ष’ मोजले जात होते. २०१९ साली टीका झाल्यावर ते थांबवावे लागले. असा पट्टा उपाशीपोटी बसलेल्या मुलाची सुस्ती मोजील, तिचे कारण सांगणार नाही. मग ‘हे पोर मंदच’ हा जुना शिक्का विज्ञानाच्या नावाने पुन्हा बसेल. चिली या देशाने २०२१ साली राज्यघटनेतच मेंदूच्या माहितीला संरक्षण दिले. आपल्याकडेही ही मागणी घटनेच्या भाषेत मांडावी लागेल.

विज्ञानाला विरोध हा आपला मार्ग नव्हे. बोलींचे ध्वनिमुद्रण बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या मालकीने व्हावे. मुलांच्या डोक्यावर कोणतेही यंत्र ठेवण्यापूर्वी पालकांना ते त्यांच्या भाषेत समजावले जावे. आणि टोळ्या निघण्यापूर्वी गावागावांत वसतिगृहे सुरू झाली की नाही, हे कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्वतः जाऊन पाहावे. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात मुलींपुढे पाटी ठेवली. ती पाटी फडातल्या लेकरापर्यंत अजून पोचायची आहे.